सात इंच मागे

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे माझं कुशनचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, एक शिलाई मशीन, फोमचे तुकडे, रेक्झिनचे रोल आणि मी. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, ज्या कशावर माणूस बूड टेकतो ते सगळं माझ्याकडे शीट बांधायला यायचं. लोक मला मिस्त्री म्हणायचे. मिस्त्रीचं तोंड वाईट पण हात चांगला, असंही म्हणायचे. तोंड वाईट आहेच, त्यात माझं काही म्हणणं नाही. हात चांगला होता, हे मात्र मी आता छातीठोकपणे सांगत नाही. का सांगत नाही, तेच लिहायला बसलोय.

धाकूदादा पहिल्यांदा आला तो दिवस मला लख्ख आठवतो. नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. एक जुनी, हुडवाली जीप दुकानासमोर थांबली. तिच्यातून आधी एक पाय बाहेर आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा पाय, मग कमरेत वाकलेलं धड आणि सगळ्यात शेवटी डोकं. माणूस सरळ झाला तेव्हा माझ्या शेडचा पत्रा त्याच्या कपाळाला आला.

"अरे देवा! अजून किती आहेस रे बाबा आत?" मी म्हटलं.

"संपला मिस्त्री," तो म्हणाला. "एवढाच हाय."

सहा भावंडांत शेवटचा म्हणून नाव धाकू, आणि वाढला सगळ्यांच्या वर. सहा फूट साडेपाच इंच. मी स्वतः टेप लावून मोजलाय म्हणून सांगतो. त्याचा पाडा वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे. पाड्यावर गाडी म्हणून एकच, ती ही जीप. सकाळी बाजाराची माणसं घेऊन मुरबाडला यायचा, दुपारनंतर त्यांना परत न्यायचा. मधल्या वेळात टोकावड्यापर्यंत फेऱ्या.

उंच माणसं मी पुष्कळ बघितली. ती ताठ चालतात, इतरांकडे वरून बघतात. हा कायम वाकलेला. वर मोकळं आकाश असलं तरी वाकलेला. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे रस्त्यात उभा आहेस, इथे काय लागणार आहे तुझ्या डोक्याला?" तर म्हणतो, "सवय हाय. कुठं काय लागंल सांगता येत नाय." आणि बसलेल्या माणसाशी तो कधी उभ्याने बोलायचा नाही. आधी उकिडवा बसायचा, मग तोंड उघडायचा. स्टँडवर म्हातारी टोपली घेऊन बसलेली असली की हा भर रस्त्यात तिच्यासमोर गुडघे दुमडून बसायचा आणि विचारायचा, "आजे, येतंस का?" मागून एसटीवाला हॉर्न मारून मारून बेजार. हा उठायचा नाही. म्हातारीचं बोलणं संपलं की मगच उठायचा.

त्याची बायको हिरा त्याच्या कोपराला लागायची. माणूस जितका मुका, तितकी ती बोलकी. माझ्या दुकानात फोमच्या गठ्ठ्यावर बसून तिने एकदा त्यांच्या लग्नाची कथा सांगितली होती. अंतरपाट धरला, तर हा वरून सरळ पलीकडे बघतोय. भटजी म्हणाले, हे चालणार नाही, मुहूर्त व्हायचाय. दोन माणसांनी पाटावर चढून अंतरपाट वर धरला. मग नवरी खालून दिसायला लागली. शेवटी भटजींनी हुकूम सोडला, नवऱ्याने डोळे मिटून घ्यावेत.

"आनि यानं मिटले ना भाऊ!" हिरावहिनी म्हणाली. "अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, लोकं जेवाया बसाया लागली, तरी हा मिटूनच उभा. मीच चिमटा काढला. म्हनलं, उघडा आता, मीच हाये."

धाकूदादा जीपच्या चाकाशी बसून ऐकत होता. म्हणाला, "उघड म्हनून कोनी सांगितलाच नाय."

आम्ही पोट धरून हसलो. असा माणूस. सांगितलं ते करायचा, आणि पुढचं कोणी सांगेपर्यंत तेच करत राहायचा.

तर तो आला होता शिटेसाठी. जीपमध्ये बसला की त्याचे गुडघे स्टेअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर यायचे. वळण घ्यायचं तर एक गुडघा बाहेर काढायचा, मग चाक फिरवायचं, मग गुडघा आत. डोकं हुडाच्या पाइपाला लागायचं म्हणून मान तिरकी. ब्रेक मारायचा तर अख्खा पाय उचलता येत नव्हता, नुसता चवडा दाबायचा. रात्री पाय सुजतात म्हणाला, पण पाय सुजण्याचं त्याला काही नव्हतं. "एक दिवस चवडा घसरंल," तो म्हणाला. "मागं पंधरा मानसं असतात मिस्त्री. माज्या पायामुळं कुनाचा जीव नाय गेला पायजे."

हे त्याचं वाक्य. शब्दन् शब्द.

मी त्याला फळकुटावर बसवला आणि मापं घेतली. शीट सात इंच मागे न्यायची, तीन इंच खाली उतरवायची, पाठ जरा जास्त कलती ठेवायची. मागे नेली की मागच्या बाकावरची एक माणसाची जागा जाणार होती. त्याने एका शब्दाने कुरकूर केली नाही. मग शिटेखालची, शीट मागे-पुढे सरकवायची रेल बघितली. जुन्या गाडीची रेल, गंजून एकजीव झालेली, लिव्हर तुटलेला. सरकती शीट ठेवायची तर नवी रेल कल्याणहून मागवावी लागणार. शिवाय रेल म्हणजे दीड इंच उंची. तेवढी उंची परत आली की धाकूदादाचं डोकं परत पाइपाला.

मी म्हटलं, "रेल काढून टाकू. खाली लोखंडी अँगल मारू आणि वेल्डिंग करून टाकू. एकदम कायमचं काम. हत्ती बसला तरी हलणार नाही."

मला माझ्या कामाची भारी घमेंड होती. कायमचं काम हा माझा लाडका शब्द.

वेल्डिंगवाल्याला बोलावणं धाडलं होतं. तो येईपर्यंत धाकूदादा बोलत बसला, आणि त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त बोलला. जीपची किल्ली तो खिशात ठेवायचा नाही. त्याच्या दाराच्या चौकटीला एक खिळा होता, त्याला लावून ठेवायचा. पाड्यावर ज्याला नड लागेल त्याने किल्ली घ्यावी, विचारायचं नाही. मागल्या पावसाळ्यात तो रानात होता, तेव्हा एक बाई अडली. त्याचा चुलतभाऊ बाळू, चांगला संसारी माणूस, उंचीला जेमतेम पाच फूट, पण गाडी चालवता येणारा, त्याने खिळ्यावरची किल्ली घेतली आणि बाईला मुरबाडला पोचवलं. मुलगा झाला. पाड्यावर गूळ वाटला. "मी घरी आलो तवा पोर जन्मून मोकळा झालेला," धाकूदादा सांगत होता. "मला काय पत्ताच नाय. गाडीनं काम केला." आणि असा खूश होऊन हसला, जसं काही पोर त्याचंच.

मी ऐकलं. या माझ्या दोन कानांनी ऐकलं.

वेल्डिंगवाला आला. त्याने चष्मा चढवला. मी सवयीने विचारलं, कारण वेल्डिंग करण्याआधी मी प्रत्येकाला विचारायचोच, "गाडी तू एकटाच चालवणार ना?"

"मीच," धाकूदादा म्हणाला. "दुसरा कोन?"

आता सांगतो. माझ्या मनात तेव्हा बाळू आला होता. येऊन गेला, माशी नाकावरून जाते तसा. मी तोंड उघडणार होतो. पण वेल्डिंगवाला घाईत होता, ठिणग्या उडायला लागल्या, आणि मी म्हटलं, जाऊ दे. धाकूदादाच्या तरी डोक्यात कसं आलं नाही, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला विचारलं. मला वाटतं, खिळ्यावरची किल्ली त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली होती की बाळू गाडी चालवतो हे त्याला वेगळं मोजावंसं वाटलंच नसेल. चुलीला विस्तव मागायला आलेल्या शेजारणीला कोणी मोजतं का? पण मी मोजायला बसलेलो माणूस होतो. हातात टेप घेऊन.

शीट झाली. काळं रेक्झिन, कडेला लाल पायपिंग. हिरावहिनी बाजार उरकून आली आणि आधी स्वतःच चढून बसली. पाय हवेत. "अगो बया!" म्हणाली आणि हलवायला लागली पाय, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे. "माजे पाय तं कुठंच पोचत नाय! भाऊ, यो बिरेक हाये तरी कुठं?" आम्ही तिघेही हसलो. वेल्डिंगवालाही हसला. मला ते हसणं अजून ऐकू येतं आणि तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

धाकूदादा बसला. पाय लांब केले. दोन्ही हात चाकावर ठेवून नुसता बसून राहिला, गाडी चालूही केली नाही. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "मिस्त्री," म्हणाला, "गाडी अशी चालवत्यात व्हय? मला ठावंच नव्हता."

दोन वर्षं बरी गेली, खिळ्यावरची किल्ली दुसऱ्या कोणाला घ्यायची वेळ आली नाही. तो दुकानावरून गेला की दोनदा हॉर्न मारायचा. आणि एक नवल घडलं होतं, माणूस थोडा सरळ चालायला लागला होता.

मग ती भातकापणी आली. एका दुपारी धाकूदादा चालत माझ्या दुकानात शिरला. मी म्हटलं, जीप कुठाय? म्हणाला, डोळखांबला बहिणीकडे गेलो होतो, भाचीची सुपारी फुटली. शहापूरवरून एसटीने आलो, आता वैशाखऱ्याची गाडी धरायची. "एसटीत गुडघ्याची वाट लागली रे. तुज्या शीटनं लाडावून ठेवलाय."

"मग जीप नेऊन मिरवायची होतीस की बहिणीकडे," मी म्हटलं.

"कापनीचे दिवस हाये," तो म्हणाला. "समदी मानसं शेतात. कोनाला नड लागली तं गाडी पाड्यावर असलेली बरी. ठेवून आलो."

आम्ही चहा घेतला. शहापूरच्या बाजारातून त्याने हिरावहिनीसाठी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, कागद उघडून मला दाखवल्या. माप बरोबर असेल का म्हणून विचारलं. मी म्हटलं, बायकोच्या मनगटाचं माप मला काय विचारतोस? हसत हसत तो गाडीला गेला. आम्ही चहा पीत होतो तेव्हा हिरावहिनीला जाऊन दोन-तीन तास झाले होते.

सकाळी दहाच्या सुमाराला भाताची पेंढी उचलताना तिला घोणस चावली. बायांनी आरडाओरडा केला. बाळू बांधावरच होता, धावत गेला, खिळ्यावरची किल्ली घेतली, वहिनीला मागच्या बाकावर आडवं केलं आणि पुढे चढून बसला. त्याचे पाय पोचले नाहीत. क्लच अर्धा दाबला जायचा, पुढे जाईना. शीट सरकवायला त्याने खाली हात घातला, लिव्हर शोधला. लिव्हर नव्हताच. हे बाळूने मला पुढे स्वतः सांगितलं, माझ्याच दुकानात बसून. "मिस्त्री, मी ती शीट लाथांनी मारली रे. हललीच नाय."

हत्ती बसला तरी हलणार नाही, असं मीच म्हणालो होतो.

मग पाठीशी भाताचं पोतं लावलं. पाठ कलती, पोतं मागे घसरायचं. बाळू शिटेच्या कडेला नुसता टेकून, चाकाला लोंबकळून गाडी चालू करू शकला. उताराला वळण आलं, ब्रेकवरून पाय सुटला आणि जीप चरात गेली. चाक अडकलं. पाड्यावर गाडी चालवणारा आणखी एकच माणूस, तो बाळूपेक्षाही बुटका. मग घोंगडीची झोळी केली. डांबरी सडकेपर्यंत नेली. एसटीची वाट बघितली. एसटी आली. टोकावड्याच्या अलीकडेच हिरावहिनी गेली, एसटीतच. एवढंच. एवढ्याशा गोष्टीला सात इंच पुरले.

तेराव्याचे दिवस झाल्यावर धाकूदादा आला. जीप घेऊनच आला. मला दुकान टाकून पळून जावंसं वाटत होतं, खरं सांगतो. मी आत फोमच्या ढिगाकडे तोंड करून उभा राहिलो. तो आत आला, वाकून. मी खाली बसलो तेव्हा माझ्यासमोर उकिडवा बसला, इतर कोणाहीसमोर बसायचा तसा.

"मिस्त्री, शीट होती तिथं बशीव."

मी रडायला लागलो. म्हटलं, "दादा, मला चपलेने मार. मला बाळू आठवला होता रे. ठिणग्या उडण्याआधी आठवला होता, आणि मी बोललो नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आता मारेल. मारायला हवं होतं त्याने.

"तुला आठवला तरी," तो म्हणाला. "मला तं आठवलासुदिक नाय."

मी म्हटलं, मी स्वतः आज कल्याणला जातो, नवी रेल आणतो, सरकती शीट करून देतो. तू बसशील तेव्हा मागे, बाळू बसेल तेव्हा पुढे. डोक्याचं बघू, हुडाचे पाइप वर उचलून देतो. सगळं करतो. त्याने मान हलवली.

"रेल नको. सरकली तं मी मागं सरकंन. मग कवातरी मागंच ऱ्हाईल." थांबून म्हणाला, "होती तिथं. आनि वेल्डिंग कर. कायमचा."

माझाच शब्द त्याने मला परत दिला. टोमणा म्हणून नाही. त्याला टोमणे मारता येतच नव्हते.

मी अँगल कापले, शीट पुढे आणली, वर उचलली. ज्या हातांनी केलं त्याच हातांनी उलटं केलं. तो चढून बसला. गुडघे दोन्हीकडून वर आले. मान तिरकी झाली. त्याने चवड्याने ब्रेक दाबून बघितला, मान डोलावली, आणि गेला.

त्यानंतर दहा-अकरा वर्षं तो तशी जीप चालवत होता. दुकानावरून जाताना हॉर्न मारायचा, एकदा. वैशाखऱ्याकडची माणसं मला येऊन सांगायची, मिस्त्री, त्याला काही सांग, त्याला आता जीपमधून उतरवावं लागतं. मी काय सांगणार? एकदा मी न राहवून रेल आणूनच ठेवली. शेडमध्ये खुंटीला टांगली. तो दुकानात आला की मी तिच्याकडे बघायचो, तोही बघायचा, आणि आम्ही पावसापाण्याचं बोलायचो. पाड्यावर हळूहळू मोटारसायकली आल्या, आणखी दोन जीपा आल्या, मोबाइल आले, फोन केला की टोकावड्याहून गाडी यायला लागली. धाकूदादाच्या किल्लीला कोणी हात लावेनासं झालं. बाळू तर त्या दिवसानंतर कुठल्याच गाडीच्या चाकावर बसला नाही. म्हणजे ज्याच्यासाठी शीट पुढे आणली तो कधी बसणारच नव्हता. हे पाड्यावरच्या लहान पोरालाही ठाऊक होतं. धाकूदादालाही ठाऊक असणारच. पण डोळे उघड असं त्याला सांगणारी हिरावहिनी आता नव्हती.

मी दुकान बंद केलं त्या वर्षी सामान आवरताना ती रेल हाताला लागली. मनात म्हटलं, एकदा जाऊन येऊ. फार तर हाकलून देईल. रेल पिशवीत घातली, वैशाखऱ्याला उतरलो आणि पाडा चढलो.

अंगणात जीप नव्हती. भंगारात गेली, बाळूने वाटेतच सांगितलं. चौकटीच्या खिळ्याला किल्ली मात्र होती, गंजलेली. आणि पडवीत ती शीट होती. माझी. रेक्झिन फाटून फोम दिसत होता, लाल पायपिंग अजून शाबूत. शीट दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवलेली आणि धाकूदादा तिच्यात बसलेला. दोन्ही गुडघे वर, बाजूंना फाकलेले, मान तिरकी, हात गुडघ्यांवर. समोर स्टेअरिंग नव्हतं, हूड नव्हतं. सारवलेलं अंगण आणि पुढे कापून झालेली खाचरं, दूर डोंगरापर्यंत सगळं मोकळं.

मला बघून तो उठायला गेला, जमलं नाही. मग आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. पिशवीतली रेल बाहेर काढायची मला हिंमत झाली नाही. सुचलं ते बोललो.

"दादा, आता तरी पाय पसर की रे. समोर काही नाही."

त्याने दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरला आणि खाली दाबून बघितला. मला दाखवण्यासाठीच. गुडघा थोडासा खाली गेला आणि हात सोडताच पुन्हा वर आला.

"पसरत नाय आता," तो म्हणाला. आणि मी ताटकळतोय असं वाटून की काय, घाईघाईने म्हणाला, "शीट बाकी झ्याक हाय हां मिस्त्री. काम कायमचा."